'रिडंडंट कॉम्प्युटेशन काढलं': पण कुणाचं?

कंपायलरची, म्हणजे सोर्सचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची, रिलीज तोंडावर आली की 'रिडंडंट कॉम्प्युटेशन (विनाकारण दुबार केलेलं गणित) काढलं' एवढंच लिहिलेले पॅच (सोर्समधले बदल) येऊ लागतात. मग दर वेळी विचारावं लागतं: कुणाचं? कंपाइल होणाऱ्या प्रोग्रॅममधलं की कंपायलरच्या स्वतःच्या सोर्समधलं?

पहिलं सगळ्यांना ठाऊक आहे. तीच राशी दोनदा आली, मधे तिच्यातलं काही बदललं नाही, तर आधीचं उत्तर वापरायचं: सीएसई (कॉमन सबएक्स्प्रेशन एलिमिनेशन). काही वाटांवरच दुबार होत असेल तर पीआरई (पार्शियल रिडंडन्सी एलिमिनेशन). तिचा १९७९चा मोरेल-रेनव्हॉइस यांचा निबंध प्रसिद्धच आहे. दुसऱ्यात कंपायलरचा एखादा पास (कामाचा टप्पा) तीच माहिती दोनदा काढत असतो. ते थांबवलं की कंपायलर लवकर आटपतो, पण त्याने तयार केलेला कोड एका बाइटनेही बदलता कामा नये.

जीसीसी या कंपायलरच्या विकासचक्रात साधारण जानेवारीपासून रिलीजपर्यंत स्टेज ४ असते: फक्त रिग्रेशनच्या (आधीच्या आवृत्तीपेक्षा बिघडलेल्या गोष्टींच्या) दुरुस्त्या आणि डॉक्युमेंटेशन. नवं ऑप्टिमायझेशन पुढच्या स्टेज १पर्यंत, म्हणजे नव्या गोष्टी घेण्याच्या काळापर्यंत, थांबतं. दुसऱ्या प्रकाराला वाव आहे, कारण कंपाइलला मागच्या आवृत्तीपेक्षा जास्त वेळ लागणं हेही रिग्रेशनच.

आणि इथेच लोक घसरतात. 'बूटस्ट्रॅप झालं, कंपॅरिझन पास, म्हणजे आउटपुट तेच.' नाही! बूटस्ट्रॅपमध्ये कंपायलर स्वतःचंच सोर्स पुन्हा पुन्हा बांधतो; त्यातल्या स्टेज २ आणि स्टेज ३च्या (या स्टेज वरच्या रिलीजच्या स्टेजपेक्षा वेगळ्या) ऑब्जेक्ट फाइल्स ताडून पाहतात, आणि त्या दोन्ही तयार करणाऱ्या कंपायलरांत तुमचा पॅच असतोच. पॅचमुळे रजिस्टरची (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या जागांची) निवड बदलली, तर ती दोन्हीकडे सारखीच बदलते आणि तुलना बिनबोभाट पार पडते. जुन्या कंपायलरशी तुलना झालेलीच नसते.

ती हातानेच करावी लागते. एकाच कमिटवरून पॅचसह आणि पॅचशिवाय असे दोन कंपायलर बांधा; वेगवेगळ्या दिवसांचं सोर्स घेतलंत तर आवृत्तीच्या मजकुरातली तारीखच फरक दाखवेल. मग प्रीप्रोसेस केलेल्या (हेडर, मॅक्रो उलगडलेल्या) त्याच फाइल्स दोघांना द्या, तेच फ्लॅग वापरा आणि असेंब्ली ताडून पाहा. मोठी, किचकट फाइल घ्या, चार ओळींची नको. एवढं केल्याशिवाय 'आउटपुट बदलत नाही' असं पॅचवर लिहिलेलं मला अजिबात खपत नाही.

आणखी एक. कॅल्क्युलेट_डॉमिनन्स_इन्फो हे जीसीसीतलं फंक्शन (कोडच्या कुठल्या तुकड्यातून गेल्याशिवाय कुठल्या तुकड्याला पोहोचता येत नाही, ही माहिती काढणारं) दोन ठिकाणी दिसलं की काहींचे हात शिवशिवतात. अहो, माहिती आधीच तयार असेल तर ते फंक्शन लगेच परततं. रिलीजच्या बिल्डमध्ये ती ओळ उडवून वेळ जवळपास वाचतच नाही. उलट मधल्या एखाद्या वाटेवर ती माहिती मोकळी केलेली असेल, तर पुढचा कोड आधाराविना उभा राहतो. सीएसई लिहिताना 'मधे काही बदललं का' हे आपण कंपायलरला सिद्ध करायला लावतो. आपल्या सोर्सवर हात चालवताना तोच प्रश्न नुसत्या नजरेने सोडवू नका, विशेषतः रिलीजचा एप्रिल जवळ आलेला असताना.