पत्ता बदललेलं विमान

१९४१ च्या मे महिन्यात ‘फ्योर्डहाइम’ नावाचं नॉर्वेजियन मालवाहू जहाज आइसलँडमध्ये रेक्याविकला लागलं. त्याच्या पोटात ‘एन-३पीबी’ जातीची अठरा विमानं होती, सुटी करून खोक्यांत भरलेली. बनावट अमेरिकन, मालकी नॉर्वेची, हुकूम ब्रिटिश हवाई दलाचा आणि उड्डाण आइसलँडच्या पाण्यावरून. ज्या किनाऱ्यासाठी ती मागवली होती, तिथे मात्र वर्षभरापासून जर्मन फौजा बसल्या होत्या.

नॉर्वेचा नकाशा पाहिला की या देशाला पाण्यावर उतरणारी विमानं का हवी होती ते लगेच कळतं. फ्योर्ड म्हणजे डोंगरात खोलवर घुसलेल्या खाड्या. त्या सगळ्या वळशांसकट मोजल्या, तर किनारा पंचवीस हजार किलोमीटरच्या वर जातो. धावपट्टीला लागणारी सपाट जमीन जवळपास नाहीच, पण डोंगराच्या आडोशाचं शांत पाणी दर गावाला आहे. म्हणून नॉर्वेच्या नौदलाने ऑस्लोजवळच्या होर्टेनला स्वतःचा विमान कारखाना काढला. तिथे कॅप्टन होवर यांनी आखलेलं एम.एफ. ११ हे टेहळणी विमान १९३१ मध्ये पहिल्यांदा उडालं. दुहेरी पंख, तिघांची जागा, खाली पाण्यावर तरंगणारे दोन होडीसारखे फ्लोट आणि ताशी २३५ किलोमीटरचा कमाल वेग. १९३१ साली एवढं पुरेसं होतं. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने हल्ला केला, तेव्हाही नौदलाची मुख्य भिस्त याच विमानांवर होती. ज्यांच्याशी गाठ पडली ती जर्मन लढाऊ विमानं याच्या दुपटीहून वेगवान होती.

त्यातल्या त्यात आधुनिक म्हणावीत अशी सहा ‘हाइन्केल ११५’ विमानं नॉर्वेकडे होती. ती विकत घेतली होती खुद्द जर्मनीकडून! पुढे नॉर्वेच्या वैमानिकांनी ती जर्मनांवरच वापरली. नवी विमानं घ्यायला हवीत हे नौदलाला कळत नव्हतं असं नाही, पण युरोपात विकायला कोणाकडे काही उरलेलं नव्हतं. म्हणून कमांडर ख्रिस्तियन ओस्टबी अमेरिकेत गेले आणि मार्च १९४० मध्ये चोवीस विमानांची ऑर्डर देऊन मोकळे झाले. हल्ला व्हायला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

ऑर्डर ज्या कंपनीला मिळाली, तीही तान्हीच होती. जॅक नॉर्थ्रॉप यांनी १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नला ती काढली होती. ‘एन-३पीबी’ हे तिचं पहिलं उत्पादन, आणि ऑर्डर दिली तेव्हा ते फक्त कागदावर होतं. तरी डिसेंबर १९४० मध्ये लेक एल्सिनोर या तळ्यावरून पहिलं विमान उडालं आणि पुढच्या मार्चअखेर चोवीसच्या चोवीस तयार झाली. वेग ताशी ४१४ किलोमीटर, पल्ला सुमारे १६०० किलोमीटर, इंजिन १२०० अश्वशक्तीचं, पंखांत चार जड मशीनगन. फ्लोटवर चालणाऱ्या विमानासाठी हा वेग तेव्हा थक्क करणारा होता.

त्याचं बरंचसं श्रेय पोटाखालच्या भागाला जातं. जुन्या विमानांचे फ्लोट तिरक्या दांड्यांच्या आणि ताणलेल्या तारांच्या जंजाळाने बांधलेले असत. वारा प्रत्येक तारेला अडतो आणि वेग खातो. एन-३पीबीचा प्रत्येक फ्लोट एकाच जाड, माशाच्या अंगासारख्या निमुळत्या खांबावर बसवला होता.

फ्लोट म्हणजे नुसता हवा भरलेला डबा नव्हे. वजन पेलणं हा तर त्याच्या कामाचा सोपा भाग. आर्किमिडीजच्या नियमाने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढा आधार मिळतो, आणि अमेरिकेत दोन फ्लोटनी मिळून विमानाच्या वजनाच्या १८० टक्के भार पेलला पाहिजे असा दंडक आहे. पूर्ण भरलेल्या एन-३पीबीचं वजन ४८०० किलो. त्या हिशेबाने फ्लोटांत साडेआठ टनांहून जास्त पाणी बाजूला सारण्याची ताकद हवी. लाट आली, एखादा कप्पा फुटला, तरी विमान बुडता कामा नये, म्हणून ही शिल्लक.

खरी अडचण पाण्यातून सुटण्याची. घरी करून बघा: चमचा दांड्याला सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हलकेच लावा. धार चमच्याला ढकलेल असं वाटतं, पण ती त्याला आत ओढून घेते. वळणदार पृष्ठभागाला वाहतं पाणी चिकटतं आणि त्या पृष्ठभागाला स्वतःकडे खेचतं. फ्लोटची शेपटीकडची बाजू वर वळलेली असते, म्हणजे हाच चमचा, फक्त काही मीटर लांबीचा. विमान जितकं जोरात पळेल तितकं पाणी त्याला धरून ठेवेल.

यावरचा उपाय एका पायरीचा. फ्लोटच्या तळाला साधारण मध्यावर एक आडवी खाच असते. पुढून येणारं पाणी त्या कडेवरून सुटतं, मागच्या पोकळीत हवा शिरते आणि पकड तुटते. त्यामुळे उड्डाणाचे टप्पे पडतात. आधी विमान नाक वर करून, नांगर ओढणाऱ्या बैलासारखं जड चालतं; इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद इथेच खर्च होते. मग ते हळूच वर चढतं आणि पायरीच्या पुढचा तळ टेकवून, पाण्यावर फेकलेल्या चपट्या दगडासारखं घसरू लागतं. तिथून वेग झपाट्याने वाढतो. गंमत अशी, की आरशासारखं संथ पाणी वैमानिकाला नकोसं वाटतं. पायरीखाली हवा शिरायला थोड्या लाटा लागतात, आणि उतरताना आरशाकडे बघून पाणी किती खाली आहे याचा डोळ्यांना अंदाजच येत नाही. मोठ्या लाटा मात्र याहून वाईट. विमान एका लाटेवरून दुसरीवर आपटत जातं आणि फ्लोट फाटतो.

आइसलँडला लाटांची कमतरता नव्हती.

नॉर्वेचे राजे सातवे हाकोन आणि त्यांचं सरकार ७ जून १९४० ला त्रोम्सोहून ब्रिटनला निघाले. देश गेला, पण जगभर फिरणारी हजारभर नॉर्वेजियन व्यापारी जहाजं निर्वासित सरकारच्या हातात राहिली. त्यांच्या भाड्यावर सरकार चाललं, सैन्यही चाललं. कॅनडात टोरँटोच्या तळ्याकाठी ‘लिटल नॉर्वे’ नावाची छावणी उभी राहिली आणि पळून आलेली नॉर्वेजियन पोरं तिथे उडायला शिकू लागली. छावणीचे पहिले प्रमुख होते यालमार रीसर-लार्सन, ध्रुवसंशोधक आमुंडसेनसोबत १९२६ मध्ये वायूने तरंगणाऱ्या हवाई नौकेतून उत्तर ध्रुवावर गेलेले. हिवाळ्यात टोरँटोचं पाणी गोठतं, तेव्हा पाण्यावरच्या विमानाने काय करायचं? पहिली एन-३पीबी विमानं म्हणून पार प्रशांत महासागराच्या काठी, व्हँकूव्हरच्या बाजूला शिकवणीसाठी गेली.

२५ एप्रिल १९४१ ला ३३० क्रमांकाची नॉर्वेजियन स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली, कमांडर बुगे यांच्या हाताखाली. विमानं मे महिन्यात आली आणि खोकी फोडून ती जोडण्याचं काम रेक्याविकच्या काठावर, उघड्यावरच सुरू झालं. त्याच दिवसांत, २४ मेच्या पहाटे, ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेने आइसलँडच्या पश्चिमेला ब्रिटनची ‘हूड’ बुडवली. अशा नौका शोधण्यासाठीच जी विमानं आणली होती, ती तेव्हा अजून उडायच्या लायक नव्हती. पहिलं उड्डाण झालं २ जूनला. मग तुकडीचे तीन भाग झाले: रेक्याविक, उत्तरेला आकुरेयरी आणि पूर्वेला बुडारेयरी. तिन्ही ठिकाणं फ्योर्डांच्या कडेची, घरच्या पाण्यासारखी. हजारेक वर्षांपूर्वी आइसलँड वसवणारेही बहुतांश नॉर्वेहूनच आले होते. ही मुलं तिथे ब्रिटिश लष्कराच्या सोबतीने, स्वतःचा झेंडा लावून राहू लागली.

काम काय, तर अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांच्या काफिल्यांवर छत्र धरायचं आणि पाणबुड्या शोधायच्या. दोन वर्षांत या विमानांच्या खात्यावर एकही पाणबुडी बुडवल्याची नोंद नाही. एवढंच वाचलं तर खर्च वाया गेला असं वाटेल. पण त्या काळची पाणबुडी नावापुरतीच पाण्याखालची होती. पृष्ठभागावर डिझेल इंजिनाने ती ताशी तीसेक किलोमीटर धावे. खाली बॅटरीवर जेमतेम चौदा, तेही थोडा वेळ. बॅटरी पुरवायची तर सात-आठ. काफिल्यातलं संथातलं संथ जहाजही ताशी बारा-तेरा किलोमीटर कापत असे. म्हणजे विमान दिसलं म्हणून पाणबुडीने बुडी मारली, की तासाभरात शिकार तिच्या आवाक्याबाहेर. विमानाने बॉम्ब टाकला नाही तरी चालत होतं. त्याने तिथे असायला हवं होतं.

बॉम्ब टाकायची वेळ आली तर? सुरुवातीला डेप्थ चार्ज, म्हणजे ठरवलेल्या खोलीवर पाण्यात फुटणारा बॉम्ब, शंभर फुटांवर फुटेल असा लावलेला असे. तर्क बरोबर वाटतो: विमान दिसल्यापासून ते डोक्यावर येईपर्यंत पाणबुडी तेवढी खाली गेलेली असणार. ब्रिटिश किनारी हवाई दलात बसलेले पदार्थवैज्ञानिक पॅट्रिक ब्लॅकेट आणि इ. जे. विल्यम्स यांनी हल्ल्यांचे अहवाल तपासून तर्कातली चूक पकडली. पाणबुडी खरोखर शंभर फूट खाली गेली असेल, तर त्या वेळात ती बाजूलाही सरकली असणार. नेमकी कुठे, ते वरून कळत नाही, म्हणजे नेम चुकणार हे ठरलेलंच. आणि जिथे ती नुकतीच बुडते आहे, जागा डोळ्यांना दिसते आहे, तिथे चार्ज तिच्या पुष्कळ खाली जाऊन फुटतो. त्यांनी सांगितलं, पंचवीस फुटांवर फोडा. स्फोटक नवं नाही, विमान नवं नाही, फक्त एक आकडा बदलला आणि हल्ल्यांचा परिणाम इतका वाढला, की ब्रिटिशांनी काहीतरी जबर नवं स्फोटक काढलंय असं पकडलेल्या जर्मन खलाशांना वाटत होतं. हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतात आले आणि आपल्या संरक्षण-विज्ञानाच्या उभारणीत त्यांनी सल्ला दिला.

एन-३पीबीच्या वाट्याला आलेला सगळ्यात विचित्र प्रसंग ऑगस्ट १९४१ चा. २७ तारखेला आइसलँडच्या दक्षिणेला ‘यू-५७०’ ही जर्मन पाणबुडी एका ब्रिटिश हडसन विमानासमोरच वर आली, मार खाल्ला आणि तिने चक्क विमानाला शरण जाऊन पांढरं निशाण दाखवलं. विमान पाणबुडी ताब्यात कशी घेणार? जहाजं येईपर्यंत आळीपाळीने विमानं घिरट्या घालत राहिली आणि रात्री ‘नॉर्दर्न चीफ’ ही सशस्त्र ट्रॉलर (मासेमारीच्या जातीची बोट) पोचली. दुसऱ्या दिवशी तिथे एक एन-३पीबी आलं. शरणागतीची बातमी त्याला नव्हती. पाणबुडी दिसली, म्हणून त्याने इमानेइतबारे तिच्यावर बॉम्ब टाकले, शेजारच्या ट्रॉलरवर गोळ्याही झाडल्या. ट्रॉलरनेही उलट गोळीबार केला. सुदैवाने कोणाचाच नेम लागला नाही. ती पाणबुडी पुढे दुरुस्त होऊन ‘ग्राफ’ नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली.

शत्रूशी गाठ क्वचित पडे, कधी ‘कोंडोर’ या लांब पल्ल्याच्या जर्मन विमानाशी. हवामानाशी रोज. विमानाला इंजिन एकच. ते बंद पडलं तर पाण्यावर उतरता येईल ही समजूत फ्योर्डमध्ये खरी; खुल्या उत्तर अटलांटिकच्या लाटांत फ्लोट टिकत नाहीत. थंडीत उडालेले तुषार अंगावरच गोठत, खारं पाणी ॲल्युमिनियम कुरतडत राही. बहुतेक विमानं शत्रूच्या गोळीने गेली नाहीत, अशा अपघातांत गेली. १९४२ च्या उन्हाळ्यात मोठी, दोन इंजिनांची कॅटालिना विमानं आली. १९४३ च्या आरंभी तुकडीला स्कॉटलंडमध्ये ओबनला हलवून चार इंजिनांची संडरलँड द्यायला सुरुवात झाली.

मागे राहिलेल्या एन-३पीबींपैकी एक विमान २१ एप्रिल १९४३ ला बुडारेयरीहून रेक्याविकला निघालं. लेफ्टनंट बुलुकिन आणि त्यांचा एक सहकारी, दोघेच. वाटेत हिमवादळाने गाठलं, पुढचं काही दिसेना. खाली थ्योर्सा नदी होती, आइसलँडमधली सर्वांत लांब, हिमनद्यांच्या वितळपाण्याने गढूळ झालेली. तिच्यात त्यांनी विमान टेकवलं. दोघंही वाचले. विमान गाळात रुतत गेलं आणि दिसेनासं झालं.

१९७९ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांनी ते बाहेर काढलं, तेव्हा छत्तीस वर्षं पाण्यात राहूनही ते पुन्हा उभं करता येईल इतपत शाबूत होतं. कारण ते समुद्रात पडलं नव्हतं. ॲल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच धातूला राखतो. मिठातला क्लोराइड या थराला भोकं पाडतो. नदीचं पाणी गोडं, बर्फासारखं थंड, आणि पीठासारख्या बारीक गाळाखाली ऑक्सिजनही फारसा पोचत नाही.

सांगाडा हॉथॉर्नला नेला. ज्यांनी १९४० मध्ये ही विमानं जोडली होती त्यांतले काही जुने कामगारही दुरुस्तीसाठी स्वखुशीने आले. मूळ आराखड्यांतून जे सापडलं नाही, ते मोडक्या भागांची मापं घेऊन नव्याने बनवलं. नोव्हेंबर १९८० मध्ये काम पुरं झालं, त्या महिन्यात जॅक नॉर्थ्रॉप यांना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. विमान नॉर्वेला रवाना झालं. ३३० क्रमांकाची तुकडी तिथे आजही आहे, आता समुद्रात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने उचलून आणते. विमान ऑस्लोजवळ गार्डेरमोएनच्या संग्रहालयात आहे, चोवीसांपैकी शिल्लक राहिलेलं एकटं.