भर दुपारी शेपूट आकाशाकडे

एप्रिल लागला की सोलापूरकरांच्या मोबाइलवर दोन प्रकारचे फोटो फिरायला लागतात. एक तापमानाच्या आकड्याचा. दुसरा कंबर तलावाच्या नाहीतर हिप्परगा तलावाच्या काठावरचा: वाळक्या काडीच्या टोकावर, डोकं खाली आणि शेपूट सरळ वर करून बसलेला लाल-गुलाबी चतुर. पहिल्या फोटोखाली नुसते घामाघूम चेहरे येतात. दुसऱ्याखाली ज्ञानगंगा वाहते. ‘सावध, डंख मारायच्या पवित्र्यात आहे’, ‘पाहा, निसर्गाचं शीर्षासन’, ‘चतुर असा बसला की वळीव येणार म्हणजे येणारच’.

डंखाचं आधी निकालात काढू. चतुराला नांगी नसते, विष नसतं. जिला आपण शेपूट म्हणतो ते त्याचं पोट. पचनाची नळी, पाठीकडून जाणारी हृदयाची लांब नळी, श्वासाच्या नळ्या, सगळा संसार त्यात. नराच्या पोटाच्या टोकाला चिमटे असतात खरे, पण ते मीलनाच्या वेळी मादीचं डोकं धरायला. चतुर हातात धरलात तर तो जबड्याने चावेल, मागून काही करणार नाही. लेखात मात्र मी सोयीसाठी शेपूटच म्हणणार आहे.

शीर्षासन कशासाठी, हे समजून घ्यायला आधी एक साधा प्रश्न. पारा ४२-४३ वर असताना हा प्राणी सावलीत का जात नाही? कारण काठावरची ती काडी म्हणजे नराची जागा आहे. मादी अंडी घालायला पाण्यावर येते आणि ती येईल तेव्हा तिथे हजर असणाऱ्याचंच नशीब उघडतं. सावलीत गेला की दुसरा नर येऊन बसलाच म्हणून समजा. शिवाय उन्हात माश्या-चिलटं उडतात, म्हणजे जेवणही तिथेच. त्यामुळे जागा सोडायची नाही आणि भाजूनही निघायचं नाही, अशी दुहेरी अडचण. बहुतेक कीटकांचं शरीर ४५ ते ५० अंशांच्या पट्ट्यात हार मानतं. आणि उन्हातला कीटक हवेच्या तापमानावर थांबत नाही, तो हवेपेक्षा बराच जास्त तापतो. हवा ४२ अंशांची असताना ही वरची भर जितकी कमी करता येईल तितका जीव वाचतो.

आता माझा आवडता भाग. एक पेन्सिल घ्या आणि भर दुपारी उन्हात आडवी धरा. जमिनीवर लांबलचक सावली पडेल. तीच पेन्सिल टोक सूर्याकडे करून उभी धरा, सावली बोटभरही राहणार नाही, एक ठिपका उरेल. वस्तू किती ऊन झेलते ते तिच्या सावलीच्या आकारावरून कळतं (सावली सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या कागदावर घ्यायची, एवढीच अट). चतुराची शेपूट ही अशीच एक दांडी आहे. आपल्याकडे तलावांवर दिसणारा गुलाबी-जांभळा चतुर, शास्त्रीय नाव ट्रायथेमिस ऑरोरा, त्याची शेपूट साधारण २५ मिलीमीटर लांब. जाडी ३ मिलीमीटर धरू. आडवी असताना ती २५ गुणिले ३, म्हणजे ७५ चौरस मिलीमीटर ऊन झेलते. टोक सूर्याकडे केलं की उरतं फक्त टोकाचं वर्तुळ, जेमतेम ७ चौरस मिलीमीटर. स्वच्छ आकाशात भर दुपारचं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॉट असतं, म्हणजे दर चौरस मिलीमीटरला एक मिलीवॅट. हिशेब आपोआप झाला: आडवी शेपूट ७५ मिलीवॅट, उभी शेपूट ७ मिलीवॅट.

खरी गंमत पुढे आहे. नेम थोडा चुकला तर? शेपूट आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन वाढला की मोठं क्षेत्रफळ त्या कोनाच्या साइनच्या पटीत उघडं पडतं. साइन शून्यापाशी फार झपाट्याने वाढते. नेम १० अंशांनी चुकला तर ७५ गुणिले ०.१७, म्हणजे १३. त्यात टोकाचे ७ मिळवले की २०. एवढ्याशा तिरकेपणाने ऊन जवळपास तिप्पट झालं! ३० अंशांनी चुकला तर ४३-४४, म्हणजे निम्म्याहून जास्त फायदा हातचा गेला. आणि सूर्य काही जागेवर थांबत नाही, तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे एकदा नेम धरून निवांत बसलेल्या चतुराचं ऊन चाळीस मिनिटांत तिप्पट होईल. म्हणून तो निवांत बसत नाही. दुपार कलते तशी शेपूटही कलते. मे महिन्यात दुपारी तीनला पाहिलंत तर ती उभ्या रेषेपासून ३५-४० अंश पश्चिमेकडे झुकलेली दिसेल. इथे ज्यांना शाळेतली त्रिकोणमिती आठवून कसंतरी झालं त्यांनी पेन्सिल पुन्हा हातात घ्यावी, तिची सावली तेच सांगते.

अर्थात चतुर म्हणजे नुसती दांडी नव्हे. पंखांचे स्नायू छातीत असतात आणि सर्वांत जपायची असते ती छाती. पण शेपूट उचलताना अख्खं शरीर तिरकं होतं, त्यामुळे छातीवरही ऊन मागून, कमी क्षेत्रफळावर येतं. पुष्कळदा पंख पुढे झुकवून तिच्यावर थोडी सावलीही धरली जाते. अमेरिकी संशोधक मायकेल मे यांनी १९७६ मध्ये चतुरांच्या या तापमान-नियमनाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत दिव्याच्या उष्णतेखालीही चतुर हाच पवित्रा घेतात आणि शरीराचं तापणं त्याने खरोखर मंदावतं.

सोलापूर या बाबतीत भाग्यवान (उन्हाने हैराण झालेल्यांनी हा शब्द माफ करावा). आपलं शहर सुमारे १७ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून सहा-एक अंशांपेक्षा जास्त ढळत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी दुपारी १२ वाजून २०-२५ मिनिटांनी सूर्य बरोबर माथ्यावर असतो. म्हणजे शेपूट अगदी ओळंब्यात. दुसरा शून्य सावली दिवस ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा ढगांपुढे काही चालत नाही.

सगळेच चतुर असं करत नाहीत. फिलिप कॉर्बेट या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने त्यांची ढोबळ विभागणी केली: काडीवर बसून शिकार करणारे आणि दिवसभर उडत राहणारे. आपला गुलाबी चतुर बैठ्या गटातला. पावसाच्या तोंडावर मैदानांवर थव्याने फिरणारा पिवळसर चतुर, पँटाला, हा उडत्या गटातला. सतत उडणाऱ्याला शेपूट रोखून बसायची सोयच नाही, आणि उडताना स्नायूंच्या ऊर्जेचा मोठा वाटा उष्णतेत जातो तो वेगळाच. बर्न्ड हाइनरिक आणि टिमथी केसी यांनी १९७८ मध्ये दाखवलं की उडते चतुर छातीतलं गरम रक्त हृदयाच्या नळीतून शेपटीकडे वळवतात आणि तिथे ते वाऱ्याने निवतं. बैठ्यांना ही युक्ती फारशी जमत नाही. एकाच अवयवाचे दोन उपयोग: एकाने तो उन्हापासून लपवायचा, दुसऱ्याने त्यातूनच उष्णता बाहेर टाकायची.

हे स्वतः तपासायला छत्री पुरते. हिप्परग्याचं पाणी ओसरलं की काठावर बेशरमाच्या वाळक्या काड्या उघड्या पडतात. अशा काडीवर शेपूट उभारून बसलेला चतुर गाठायचा आणि काळी छत्री हळूहळू पुढे सरकवून नुसती सावली त्याच्यावर पाडायची. मी हे केलंय. आधी पंख किंचित वर येतात, मग शेपूट टप्प्याटप्प्याने खाली येते, हातपंपाचा दांडा सोडून दिल्यावर येतो तशी, आणि शेवटी आडवी होते. छत्री काढली की पुन्हा वर. डंख मारायचा पवित्रा असता तर सावलीने उतरला नसता, आणि पावसाचा अंदाज असता तर छत्री पाहून खरा मानला असता!

फोटो काढणाऱ्यांसाठी. एरवी सल्ला असतो तो सकाळी नऊच्या आत कॅमेरा आवरण्याचा, आणि प्रकाशाच्या दृष्टीने तो बरोबरच आहे. पण हा पवित्रा हवा असेल तर अकरा ते तीनला पर्याय नाही. दुपारी लांबून मोठ्या लेन्सने फोटो घेऊ नका. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमध्ये हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते प्रमाण) सारखा बदलतो आणि महागड्या लेन्सचाही फोटो धूसर येतो. जवळ जा, मधली हवा कमी करा. माध्यान्हीला तुमची सावली तुमच्याच पायाशी असते, त्यामुळे ती चतुरावर पडायची भीती नाही. बसून, इंचाइंचाने सरका. तो उडाला तरी बहुधा त्याच काडीवर परत येतो. लाल रंग भडक उन्हात जळतो, म्हणून एक्स्पोजर एक पायरी खाली ठेवा. आणि डोक्यावर ओलं उपरणं, पिशवीत पाणी, मीठ-साखर. फोन गरम होऊन बंद पडला तर तो शहाणा आहे असं समजून तुम्हीही सावलीत या.

काठावर इतरांचीही तगमग चालू असते. पाणकावळा चोच उघडी टाकून गळ्याची कातडी थरथरवतो, म्हणजे ओलावा उडून रक्त थंड होतं. करकोचे स्वतःच्या पायांवर विष्ठा सोडतात; दिसायला कसंही दिसो, काम बाष्पीभवनाचंच. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि उघड्या जमिनीवरच्या अंड्यांवर बसते. याच टिटवीने उंचवट्यावर किंवा गच्चीवर अंडी घातली की यंदा पाऊसमान जोरात, अशा बातम्या दरवर्षी उन्हाळ्यात छापून येतात. टिटवीला हवी असते खडी आणि चारी बाजूंना मोकळी नजर. गच्चीवर दोन्ही मिळतं. मॉन्सून समुद्र आणि वातावरण मिळून ठरवतात, त्यांनी टिटवीला कळवलेलं नसतं. पण फोटोसाठी तिला अंड्यांवरून उठवू नका. उघड्या उन्हात ती अंडी झपाट्याने तापतात आणि तुमचा फोटो होईपर्यंत आतलं पिल्लू संपलेलं असू शकतं.

एक गाठ मात्र उन्हाच्या हिशेबाने सुटत नाही. सूर्य खाली असताना, सकाळी किंवा संध्याकाळीही काही नर शेपूट उभारतात, कधी कधी दुसरा नर जवळ आला की. तेव्हा ती शेपूट सूर्याच्या दिशेने नसते, आणि हा बहुधा दरारा दाखवण्याचा प्रकार असतो. फोटोवरून दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर तो चतुराच्या बरोबर बाजूने काढलेला हवा, चौकटीत पाण्याची किंवा क्षितिजाची आडवी रेषा हवी आणि कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावलेलं हवं. चतुराचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही लिहून ठेवा. वेळेवरून त्या क्षणी सूर्य कुठे होता ते काढता येतं, आडव्या रेषेवरून शेपटीचा कोन मोजता येतो. दोन्ही जुळले तर ऊन. नाही जुळले तर आजूबाजूच्या काड्यांवर दुसरा नर बसलाय का, ते शोधायचं.