विषाणूला धार लावणारी उणीव

करोनाच्या काळात झिंक आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर लोकांची झुंबड उडाली. शरीर हा किल्ला, जीवनसत्त्वं ही तटबंदी आणि बाहेरचा शत्रू आहे तसाच राहणार, असं चित्र तेव्हा सगळ्यांच्या मनात होतं. ते अपुरं आहे. आहारात एखादं मूलद्रव्य कमी पडलं की तट ढासळतो हे खरंच, पण कधी कधी शत्रूही बदलतो. सेलेनियमने हे दाखवून दिलं.

१९३५ साली ईशान्य चीनमधल्या केशान परगण्यात माणसं हृदय निकामी होऊन दगावू लागली. त्यांत लहान मुलं आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका जास्त. पुढे लक्षात आलं की आजाराच्या साऱ्या पट्ट्यातल्या मातीत सेलेनियम अत्यल्प आहे. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, आणि त्याच धान्यावर जगणाऱ्या माणसांतही नाही. १९७४ साली सिचुआन प्रांतात मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइट या सेलेनियमच्या क्षाराची गोळी दिली गेली. ती मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी १० आजारी पडली. न मिळालेल्या ३,९८५ पैकी ५४.

तरी एक कोडं उरलं. माती बारा महिने तीच, मग आजार ऋतूप्रमाणे कमीजास्त का होतो? रुग्णांच्या नमुन्यांत हृदयाला सूज आणू शकणारा कॉक्सॅकी विषाणू सापडला आणि धागा जुळला.

अमेरिकेत मेलिंडा बेक आणि ऑर्व्हिल लेव्हँडर या संशोधकांनी कॉक्सॅकी बी-३ चा हृदयाला इजा न करणारा वाण घेतला. सेलेनियमविना वाढवलेल्या उंदरांच्या हृदयाला त्यानेही सूज आणली. दुबळा उंदीर, म्हणून आजार, असं म्हणता आलं असतं. पण त्यांच्या हृदयातला विषाणू काढून नीट पोसलेल्या उंदरांना टोचला, तर त्यांचीही हृदयं बिघडली! १९९५ साली त्याचा जनुकसंच जाहीर झाला: सुमारे ७,४०० अक्षरांपैकी सहा बदललेली.

सेलेनियम पेशीत करतं तरी काय? ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी करून पेशीची जळजळ आवरतं. त्याच्या ऐन मर्मस्थानी सेलेनोसिस्टीन हे अमिनो आम्ल असतं. ते तिथे ज्या रीतीने बसतं, ती मला जीवसृष्टीतल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. जनुकीय लिपीत ‘यूजीए’ म्हणजे पूर्णविराम. पण या विकराच्या आरएनएत पुढे एक घडीचा वळसा असतो आणि त्याच्यामुळे प्रथिनं जोडणारा रायबोसोम त्या पूर्णविरामापाशी न थांबता तिथे सेलेनोसिस्टीन जोडून पुढे जातो. सेलेनियम संपलं की तोच ‘यूजीए’ पुन्हा पूर्णविराम होतो आणि विकर अर्धवट राहतं.

मग पेरॉक्साइड साचतं. या विषाणूचं नक्कल करणारं विकर चुका तपासत नाही; दर दहा हजार अक्षरांमागे साधारण एक चूक होतेच. जळजळणाऱ्या पेशीत आरएनएला जास्त इजा होत असेल, किंवा मंदावलेल्या प्रतिकारामुळे एरवी मारले जाणारे बदललेले विषाणू तगत असतील. दोन्ही एकदमही घडत असेल. पुढे बेक यांनी ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझच नसलेल्या उंदरांना तोच विषाणू टोचला. त्यांना सेलेनियम पुरेसं मिळत होतं, तरी निम्म्याहून अधिक उंदरांच्या हृदयाला सूज आली आणि विषाणू बदललेला सापडला.

यावरून कुणी सेलेनियमच्या गोळ्या सुरू करू नयेत. हे सगळे निष्कर्ष उणिवेबद्दलचे आहेत. पोट नीट भरणाऱ्याने वरून गोळ्या घेतल्याने विषाणू नमत नाही. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरीच उपचार घेणाऱ्या २१४ करोनाबाधितांना झिंक आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा काहीही लाभ दिसला नाही. ‘इम्युनिटी बूस्टर’ असं छापून डबे विकणं ही मला लोकांची उघड फसवणूक वाटते. सेलेनियम तर प्रौढाला दिवसाला जेमतेम ५५ मायक्रोग्रॅम लागतं आणि ४०० च्या पुढे ते घातक ठरू लागतं. चीनमधल्याच एन्शी भागात मातीत ते फार जास्त आहे. तिथे १९६० च्या दशकात गावकऱ्यांचे केस आणि नखं गळून पडली होती.