कमांड तीच, भाषा नवी, आणि गप्प बसलेला एक ऑप्शन

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये आपण दिवसभर एलएस, कॅट, डेट मारत असतो, पण या कमांड आतून कशात लिहिल्यात हे कुणी बघत नाही. बहुतेक ठिकाणी त्या सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या, जीएनयू या फ्री सॉफ्टवेअर प्रोजेक्टच्या असतात. सी फास्ट आहे, पण मेमरी सांभाळायचं काम सगळं प्रोग्रामरच्या डोक्यावर. सुडोचंच बघा ना, म्हणजे दुसरी कमांड अॅडमिनच्या अधिकाराने चालवणारी कमांड, तिला दिलेल्या मजकुराच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश (\) आला की कोड तो मजकूर संपला तरी पुढचं कॉपी करतच राहायचा, आणि तेवढ्यावरून साधा युजर थेट रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊ शकायचा. २०११ पासूनची ही चूक सापडली २०२१ मध्ये, म्हणजे जवळपास दहा वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती!

रस्ट भाषेत अशा बऱ्याच चुका कंपायलरच (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं सॉफ्टवेअर) अडवतो, आणि चालू प्रोग्राम हद्दीबाहेर जायला लागला तर तो तिथेच थांबतो. म्हणून यूयूटिल्स नावाच्या प्रोजेक्टमध्ये २०१३ पासून या कमांड रस्टमध्ये परत लिहिणं चाललंय आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या उबुंटू २५.१० या लिनक्सच्या आवृत्तीने त्याच डीफॉल्ट करून टाकल्या.

आणि थोड्याच दिवसांत डेट कमांडने घोळ घातला. डेटला 'आर' ऑप्शन देऊन फाइलचं नाव दिलं की ती फाइल शेवटची कधी बदलली ते कळतं. नवीन डेट हा ऑप्शन घ्यायची, एरर काही द्यायची नाही, आणि सरळ आत्ताची वेळ सांगायची. आता अपडेट शोधणारी स्क्रिप्ट (आपोआप चालणारी कमांडची यादी) याच उत्तरावर अवलंबून, तिला वाटायचं मागचा चेक तर आत्ताच झालाय, मग परत कशाला बघू, आणि आपोआप अपडेट शोधणं बंदच पडलं.

यात मेमरीची चूक काहीच नव्हती, त्यामुळे कंपायलर तरी काय पकडणार? जुन्या कमांडला वर्षानुवर्षांच्या सवयी असतात आणि कुणाची ना कुणाची स्क्रिप्ट त्यावर टेकलेली असते, म्हणून तर जीएनयूच्याच टेस्ट या नव्या कमांडवर चालवून बघतात. पण टेस्टमध्ये नसलेलं राहूनच जातं. मला विचाराल तर रस्टमध्ये लिहायलाच हवं, फक्त जो ऑप्शन अजून लिहिलाच नाही तो मिळाल्यावर कमांडने सरळ नाही म्हणावं, गप्प बसून खोटं उत्तर देऊ नये.

दुरुस्ती लवकर आली, पण ती आली अपडेटमधूनच, आणि मशीन तर स्वतःहून अपडेट बघत नव्हतं, त्यामुळे लोकांना टर्मिनल उघडून ती हाताने घ्यावी लागली.