मेदिची-रिकार्दी वाडा: सात वाढीव खिडक्यांची पार्श्वभूमी

फ्लॉरेन्सच्या पालात्सो मेदिची-रिकार्दीला आपण सर्रास ‘राजवाडा’ म्हणतो. पण १४४४च्या सुमारास त्याचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा मालक राजा नव्हता, पेढीवाला होता. म्हणून ‘वाडा’च बरा. मध्ये चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या, मागे भिंतीआड बाग. दर्शनी भागात तळमजल्याचा दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवलेला, वरच्या मजल्यांवर तो गुळगुळीत होत गेलेला. १४९४ मध्ये या मालकाच्या मेदिची घराण्याला शहरातून हाकललं, आणि चौकातला डेव्हिड व बागेतली ज्युडिथ हे बायबलमधल्या वीरांचे ब्राँझचे पुतळे सरकारी वाड्यात हलवले गेले. पुढे घराणं परतलं आणि राज्यकर्तंही झालं.

खरा वाद १६५९ नंतरचा. वाडा विकत घेणाऱ्या रिकार्दी या नव्या उमराव घराण्याला तो अपुरा वाटला. त्यांनी दर्शनी भिंत उत्तरेकडे वाढवून आणखी सात खिडक्या जोडल्या, त्याही जुन्याच धाटणीच्या. बाहेरून पाहणाऱ्याला सांधा पटकन सापडत नाही. काही जण याला जुन्याचा मान राखणं म्हणतात. मला ते पटत नाही. मूळ वाडा जवळपास चौरस होता, रस्त्याच्या कोपऱ्यावर ठाम उभा. सात खिडक्यांनी तो ताणला गेला आणि त्याचं प्रमाण बिघडलं. नक्कल हुबेहूब असल्यामुळे हे बिघडणं मूळ रचनेच्याच माथी बसतं. नवं काम नव्या धाटणीचं असतं, तर निदान कुणाचं काय ते कळलं असतं.

आत तर त्याहून कठोर कापाकापी झाली. नव्या जिन्यासाठी देवघराचा एक कोपरा आत ओढला. बाळ येशूच्या भेटीला निघालेल्या तीन राजांच्या मिरवणुकीचं १४५९च्या सुमाराचं भित्तिचित्र त्यात कापलं गेलं. एक घोडा आजही दोन भिंतींवर तुकड्यांत दिसतो. मात्र त्याच मालकांनी १६८०च्या दशकात रंगवून घेतलेलं आरसे महालाचं छत पाहताना राग थोडा निवळतो, हेही खरं.

१८१४ मध्ये वाडा सरकारजमा झाला. फ्लॉरेन्स इटलीची राजधानी असताना, १८६५ ते १८७१, इथे गृहखातं होतं. १८७४ मध्ये तो प्रांतिक प्रशासनाने घेतला. कुंड्यांतल्या लिंबांची आजची बाग पाहून पाहुणे ‘पंधराव्या शतकातली’ म्हणतात. तिची सध्याची मांडणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे.