न टाकलेला शब्द

"मामा, सोयाबीन घातलं का मोंढ्यात?"
"कुठलं रे, भावच न्हाई. पोती तशीच पडून हायेत."
"व्हय, भाव लैच पडलेत."

मग पावसाचं बोलणं, चहा, आणि "येतो मामा" म्हणून भाचा उठला. लातूरकडच्या कुठल्याही ओसरीवर हे ऐकायला मिळेल. भाच्याला दहा हजार हवे होते. मामाकडे ते नव्हते, किंवा द्यायचे नव्हते. दोघांना सगळं कळलं. पण कुणी मागितलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही.

शहरातले लोक याला आडवळण म्हणतात. मला हे बोलण्यातलं कसब वाटतं. मराठीत शब्द 'टाकतात' आणि तो खाली 'पडतो'. टाकलाच नाही, तर पडणार कुठून?

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७८ साली नेमकी हीच गोष्ट मांडली. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ, अशा तीन भाषा त्यांनी तपासल्या. मागणीने ऐकणाऱ्यावर भार येतो, नकाराने मागणाऱ्याचा मान जातो. म्हणून मागणं जितकं मोठं, नातं जितकं लांबचं आणि समोरचा जितका वरचढ, तितकं बोलणं वळसा घेतं. शेजारणीला "दोन मिरच्या दे गं" चालतं; पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर हवा असेल तर आधी तब्येतीची विचारपूस.

पण मामाचं 'नाही' भाच्याला इतक्या लवकर कळलं कसं? थोडं शब्दांतून, थोडं शब्दांआधीच्या शांततेतून. २००९ मध्ये जपानी, इटालियन, लाओ अशा दहा भाषांमधली (मराठी त्यात नव्हती) प्रश्नोत्तरं मोजली गेली. प्रश्न संपल्यावर उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागत होता. समोरच्या चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव सांगायलाही माणसाला याच्या तिप्पट वेळ लागतो! म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. आणि दहाही भाषांत 'हो' लवकर येत होतं, 'नाही' रेंगाळत होतं. सोयरिकीच्या बैठकीत "घरी विचारून सांगतो"च्या आधी जो घोट गिळला जातो, तो मुलीच्या बापाला बरोबर ऐकू येतो.

सगळीकडे हे कसब कामाचं नाही. छातीत कळ आलेला म्हातारा डॉक्टरला "जरासं दुखायलंय" म्हणतो, तेव्हा सोबतच्याने मध्ये पडून सरळ सांगावं.

आता यात मोबाईल आलाय. रेंज अर्धवट असली की आवाज उशिरा पोचतो. पुण्यातल्या मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, या महिन्यात येऊ का?" बाप लगेच "ये की" म्हणाला. पण ते दोन शब्द पोचायला उशीर झाला, तेवढ्यात मुलगा बोलून गेला: "बरं, बघतो दिवाळीला."