चावी परत दिली होती का? टेक्स्ट गेममधल्या जर-तरची पार्श्वभूमी

आम्ही चार-पाच जण रविवारी दादरला भेटतो आणि मराठीत टेक्स्ट गेम, म्हणजे वाचत-वाचत पर्याय निवडून खेळायची गोष्ट, लिहायचा प्रयत्न करतो. मागच्या वेळी एक नवीन मुलगी आली होती, तिने पहिलाच प्रश्न असा विचारला की प्रत्येक चॉइसला वेगळी गोष्ट लिहायची म्हटली तर आयुष्य जाईल, मग लोक हे करतात तरी कसं? बरोबरच आहे तिचं. दोन-दोन पर्यायांचे १० फाटे काढले की शेवट होतात १०२४, आणि २० फाटे काढले तर १०,४८,५७६. एवढं कुणी लिहीत नाही. उत्तर आहे कंडिशन, म्हणजे आपलं जर-तर, पण ते नुसतं सांगून कळत नाही, कुठून आलं ते बघावं लागतं, म्हणून हे सगळं टाइप करतोय.

खरं तर आपण लहानपणीच हे ऐकलेलं असतं. विक्रम-वेताळ आठवा. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मौन मोडलं म्हणून मी चाललो परत झाडावर. दोन अटी, दोन्हीत राजा अडकलेला, म्हणून तेच झाड, तेच प्रेत, तीच वाट परत परत. शेवटच्या गोष्टीत राजाला उत्तरच सुचत नाही, तो खरोखर गप्प राहतो, आणि फेरा तिथे सुटतो. म्हणजे "माहीत आहे का" आणि "बोलला का" एवढ्या दोन गोष्टींवर पंचवीस कथा एका दोऱ्यात ओवल्यात. मला तर ही रचना अजूनही थक्क करते.

दुसरं उदाहरण थेट आपल्या मुंबईतलं. ज्यूल व्हर्नच्या ८० दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या कादंबरीत २० ऑक्टोबर १८७२ ला फॉग आणि त्याचा नोकर पासपार्तू मुंबईत उतरतात, आणि पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो. पुजारी त्याला बडवतात, बूट तिथेच राहतात, तो अनवाणी पळत स्टेशन गाठतो, गाडी सुटते. वाचणारा विसरून जातो. मग पार कलकत्त्याला पोलीस दोघांना पकडतात. त्यांना वाटतं वाटेत सती जाणाऱ्या बाईला वाचवलं त्याचा खटला आहे, आणि कोर्टात पुरावा म्हणून समोर येतात ते मुंबईतले बूट! आज आम्ही गेम लिहिणारे ज्याला फ्लॅग म्हणतो तो हाच. एका जागी छोटीशी खूण करून ठेवायची, बूट_घातले = हो, आणि गोष्ट आपल्या वाटेने पुढे जाऊ द्यायची, मग खूप नंतर एका जागी विचारायचं, ती खूण आहे का? या कादंबरीवरून इंकल नावाच्या ब्रिटिश स्टुडिओने २०१४ मध्ये गेम केला, त्यात खेळणारा पासपार्तू असतो, त्या स्टुडिओबद्दल पुढे येतंच.

आता कॉम्प्युटर. १९७५-७६ च्या सुमारास अमेरिकेत विल क्राउदर नावाच्या प्रोग्रामरने आपल्या मुलींसाठी गुहेत फिरायचा एक गेम लिहिला, तो आणि त्याची बायको केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये खरोखरच्या गुहा धुंडाळायचे, पण तेव्हा घटस्फोट झाला होता आणि मुलींशी जोडलेलं राहायला त्याने हे केलं. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने त्यात भर घातली आणि तो सगळीकडे पसरला. प्रोग्रामची भाषा फोर्ट्रान. या फोर्ट्रानचा १९५७ चा मूळ इफ, म्हणजे "जर", गमतीदार होता, त्याला हो-नाही कळायचं नाही, एक आकडा द्यायचा आणि तो शून्यापेक्षा कमी, शून्य की जास्त यावरून तीनपैकी एका ओळीवर उडी. हो-नाहीवाला इफ नंतर आला. त्या गुहेत एक पक्षी आहे, तो पकडायला पिंजरा हवा, पण हातात काठी असेल तर पक्षी घाबरतो आणि पकडू देत नाही, आणि तोच पक्षी सोडला तर पुढचा साप पळून जातो. इथे अजून पात्रांची गोष्ट नाही, पण गेमला लक्षात ठेवावं लागतंय की तुमच्या हातात काय आहे.

त्याच काळात कागदावर उलट प्रकार चालला होता. एडवर्ड पॅकार्डची "असं करायचं असेल तर अमुक पानावर जा" छापाची पुस्तकं, १९७९ पासून ती मालिका प्रचंड खपली. मजा बघा, त्यात फाटे ढिगाने आहेत पण आठवण बहुतेक नाहीच. पान उलटलं की मागचं पुसलं. मग १९८२ मध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी फासे आणि पेन्सिलवालं पुस्तक काढलं, ४०० तुकड्यांचं, त्यात तुमच्याकडे काय काय आहे ते कागदावर लिहायचं. त्यात चाव्यांवर आकडे कोरलेले असतात, शेवटची पेटी उघडायला त्यांची बेरीज करायची आणि त्या नंबरच्या तुकड्यावर जायचं, म्हणजे चावी नसेल तर थाप मारूनही उपयोग नाही. कागदावरची कंडिशन, आणि ती पण फसवता न येणारी.

मला यातून जे दिसतं ते स्पष्ट सांगतो. फाटा फोडायला कंडिशन लागतच नाही, नुसतं पान नंबर दिलं तरी फाटा फुटतो. कंडिशन लागते ती फुटलेले फाटे परत एकत्र आणायला. कल्याणला लोकलची लाइन फुटते, एक कसाऱ्याला एक कर्जतला, त्या काही पुढे भेटत नाहीत, पॅकार्डची पुस्तकं बरीचशी अशी. पण कुर्ल्याहून स्लोने जा की फास्टने, ठाण्याला दोघं एकाच स्टेशनात उतरतात, फरक एवढाच की स्लोवाल्याने मधे कांजूर पाहिलेलं असतं. गेमने "कांजूर पाहिलं" एवढं लक्षात ठेवलं की ठाण्याचा प्रसंग एकदाच लिहून भागतं, आत दोन ओळी बदलायच्या.

पात्रं यात खऱ्या अर्थाने शिरली ती इन्फोकॉममुळे. एमआयटीतल्या लोकांनी १९७९ मध्ये काढलेली ही कंपनी, झॉर्क हा गेम त्यांचाच. १९८२ चा त्यांचा डेडलाइन हा खुनाच्या तपासाचा गेम, तुमच्याकडे बारा तास, आणि घरातली माणसं घड्याळाप्रमाणे आपापली फिरत असतात, तुम्ही बघा नाहीतर बघू नका. पुढच्या वर्षी प्लॅनेटफॉलमध्ये फ्लॉइड नावाचा लहान मुलासारखा रोबो आला, तो तुमच्यासाठी जीव देतो आणि लोक खरंच रडले. हे सगळं किती कमी जागेत! त्यांच्या त्या वेळच्या सिस्टीममध्ये एका वस्तूला किंवा पात्राला हो-नाहीच्या फक्त ३२ खुणा ठेवता यायच्या, आणि संपूर्ण गोष्ट १२८ केबीच्या आत. आपण व्हॉट्सॅपवर सकाळी जो गुलाबाचा फोटो फॉरवर्ड करतो तो एवढा सहज असतो.

पुढचं पटापट सांगतो. १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सनने इन्फॉर्म हे टेक्स्ट गेम लिहायचं टूल काढलं, २००६ मध्ये त्याचं इन्फॉर्म ७, ज्यात अट साध्या इंग्रजी वाक्यात लिहिता येते. २००९ हे वर्ष जबरदस्त, कारण क्रिस क्लिमसचं ट्वाइन हे असंच फुकटातलं टूल आलं, चॉइसस्क्रिप्ट या गेम लिहायच्या भाषेतला पहिला गेम आला, आणि फॉलन लंडन हा गेम सुरू झाला ज्यात गोष्टीचे सुटे तुकडे असतात आणि तुमचे गुण जुळले तर तो तुकडा उघडतो. मग इंकल. त्यांनी आपली इंक ही भाषा २०१६ मध्ये सगळ्यांना खुली केली. तिची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे गोष्टीचा कुठला भाग किती वेळा वाचून झाला हे ती स्वतःच मोजते, वेगळी खूण करायची गरज नाही. "काकूशी आधी बोललास का?" हे विचारायला काकूच्या प्रसंगाचं नाव लिहिलं की झालं.

काकू म्हणजे माझ्या गेममधली. लालबागची चाळ, दुसरा मजला, काकूची चावी तुमच्याकडे आलेली असते. एका मैत्रिणीने खेळताना चावी परत दिली, आणि दोन प्रसंगांनंतर काकू तिच्यावर चिडली की माझी चावी कुठाय? मी शोधत बसलो रात्रभर. खूण करताना मी चावी_परत लिहिलं होतं आणि पुढे विचारताना चावी_दिली. मी वापरत होतो ते टूल काही बोललं नाही, अनोळखी नाव दिसलं की "नाही" धरून पुढे गेलं. तेव्हापासून भिंतीवर एक कागद चिकटवलाय, प्रत्येक खुणेचं नाव, कुठे लागते, कुठे विचारली जाते. त्या नवीन मुलीला मी सगळ्यात आधी हाच कागद दाखवला.

आणि एक गोष्ट जी इंग्रजीतल्या या सगळ्या इतिहासात येतच नाही, ती आपली भाषा. इंग्रजीत खेळणाऱ्याला "यू" म्हटलं की मुलगा-मुलगी, लहान-मोठा सगळं भागतं. मराठीत "तू आत गेलास" की "गेलीस"? खेळणाऱ्याला निवडू दिलं तर अशा प्रत्येक क्रियापदाला एक अट. पण "तू दार उघडलंस" लिहिलं तर दोघांना चालतं, कारण क्रियापद दाराप्रमाणे चालतं, म्हणून आता मी शक्य तिथे माणसाला काहीतरी उघडायला, उचलायला, वाचायला लावतो आणि जाणं-येणं कमी करतो. "तुम्ही गेलात" केलं तरी प्रश्न सुटतो, पण मग काकू आयुष्यभर अहो-जाहोच करत राहणार.

त्या अहो-जाहोचंच आम्ही व्हेरिएबल, म्हणजे खेळताना बदलत जाणारा आकडा, केलं. काकूचा विश्वास शून्यापासून सुरू होतो, चावी परत दिली की एक, पाणी भरून दिलं की एक, तिच्या मुलाबद्दल काही न विचारता नुसतं ऐकून घेतलं की एक. तीनच्या खाली असेल तर दार अर्धं उघडून ती म्हणते, "काय हवंय तुम्हाला?" तीन झाले की तोच प्रसंग, तेच दार, पण ओळ बदलते: "आलास होय, ये, चहा टाकते." मुलगी असेल तर "आलीस होय". खेळणाऱ्यांपैकी दोघी तिथे थांबल्या आणि ती ओळ मोठ्याने वाचली.